तीनदा लान्सर: प्रोटॉन आणि बदललेल्या बॅजची गोष्ट

मलेशियाची पहिली राष्ट्रीय गाडी, प्रोटॉन सागा, १९८५ मध्ये आली आणि ती मुळात जपानच्या मित्सुबिशी कंपनीची लान्सर फिओरे होती. १९९३ मध्ये त्याच कंपनीची विरा आली, ती पण लान्सरच, फक्त पुढच्या पिढीची. मग कंपनीने स्वतःची गाडी डिझाइन केली, स्वतःचं इंजिन बनवलं, इंग्लंडची स्पोर्ट्स कार बनवणारी लोटस कंपनी विकत घेतली, दुसरा मोठा कारखाना उभा केला, आणि एवढं सगळं झाल्यावर २०१० मध्ये इन्स्पिरा नावाची गाडी आणली. बॉनेट उघडून बघितलं तर परत लान्सर.

पंचवीस वर्षांत तीनदा लान्सर. मला हे प्रकरण इथूनच सुरू करावंसं वाटतं, कारण प्रोटॉनबद्दल लोक दोनच गोष्टी बोलतात, एक तर "सगळा स्टिकर बदलण्याचा खेळ होता" किंवा "गरीब देशाने केवढी हिंमत केली". दोन्ही अर्धवट आहेत. बॅज तीनही वेळा बदलला पण तीनही वेळा कारण वेगळं होतं, आणि ते कारण कसं बदलत गेलं तोच या प्रकरणाचा गाभा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. महाथिर मोहम्मद १९८१ मध्ये पंतप्रधान झाले, १९८२ मध्ये त्यांनी "पूर्वेकडे बघा" हे धोरण जाहीर केलं, म्हणजे ब्रिटनकडे नाही तर जपान आणि कोरियाकडून शिकायचं. देश तेव्हा रबर, कथील, पामतेल आणि खनिज तेलावर चालत होता, लोकसंख्या दीड कोटीच्या आसपास, आणि रस्त्यावरच्या गाड्या म्हणजे परदेशी कंपन्यांची किट आणून जोडलेल्या. जोडणीचे कारखाने बरेच पण प्रत्येकात थोड्याथोड्या गाड्या, त्यामुळे सुटे भाग देशात बनवणं कुणालाच परवडत नव्हतं. महाथिरांचं म्हणणं असं की एकच राष्ट्रीय गाडी करा, सगळी मागणी तिच्याकडे वळवा, मग तिच्यासाठी काच, सीट, बॅटरी, रबरी भाग, प्लॅस्टिक बनवणारे छोटे कारखाने आपोआप उभे राहतील. शिवाय १९७१ पासून चालू असलेल्या नव्या आर्थिक धोरणाचा उद्देश होता की मलय समाज शेती आणि सरकारी नोकरीतून बाहेर पडून उद्योगात यावा, तो पण यात जोडला गेला. म्हणजे एका गाडीवर किती ओझं टाकलं बघा: तंत्रज्ञान शिकायचं, उद्योग उभारायचा, समाजातली दरी भरायची, आणि वर देशाची शान पण राखायची.

७ मे १९८३ ला कंपनी स्थापन झाली, पेरुसाहान ओटोमोबिल नासिओनाल, त्याचंच छोटं रूप प्रोटॉन. सरकारी कंपनी हिकॉमकडे ७० टक्के आणि उरलेले ३० टक्के मित्सुबिशी मोटर्स आणि मित्सुबिशी कॉर्पोरेशन या दोघांकडे निम्मे निम्मे. कारखाना सेलांगोर राज्यात शाह आलमला. आणि कंपनी स्थापन झाल्यावर जेमतेम दोन वर्षांत, ९ जुलै १९८५ ला, सागा बाजारात. दोन वर्षांत कोरी गाडी कुणीच बनवू शकत नाही, मोठ्या जपानी कंपन्यांना पण तेव्हा एका नव्या मॉडेलला याहून जास्त वेळ लागायचा. म्हणजे गाडी तयारच होती, पत्रा दाबायच्या डायपासून १.३ लिटरच्या ओरायन इंजिनापर्यंत सगळं मित्सुबिशीकडे होतं, फक्त जोडायला कारखाना आणि लावायला बॅज हवा होता.

नावासाठी स्पर्धा घेतली होती आणि एका निवृत्त सैनिकाने सुचवलेलं नाव निवडलं. सागा म्हणजे तिकडच्या झाडाची लालभडक बी, आपण जिला रतनगुंज म्हणतो ती. आपल्याकडे गुंजेने सोनं तोलायचे तसं तिकडे पण या बिया सोनं तोलायला वापरायचे. बॅजवर चंद्रकोर आणि चौदा टोकांचा तारा, थेट राष्ट्रध्वजावरचा. महाथिरांनी स्वतः सागा चालवत नव्या पेनांग पुलावरून नेली, आणि कारखान्यातून निघालेली पहिली सागा क्वालालंपूरच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवली. मला यात काही चुकीचं वाटत नाही. ज्या देशात कधी स्वतःची गाडी बनली नव्हती तिथे लोकांना तिचा अभिमान वाटला, ती जपानी डायवर दाबलेली होती हे माहीत असूनही वाटला, आणि तो खराच होता.

आता बॅज बदलणे म्हणजे नेमकं काय होतं ते नीट सांगायला हवं, कारण इथेच गैरसमज होतो. एकाच गाडीची दुसऱ्या नावाने विक्री याचे खूप प्रकार असतात. सगळ्यात सोप्या प्रकारात तयार गाडी जहाजातून येते आणि पुढची जाळी, मागचं नाव, स्टिअरिंगवरचं चिन्ह एवढंच बदलतं. त्यापुढे किट जोडणी, म्हणजे सुटे भाग पेट्यांमधून येतात आणि वेल्डिंग, रंग, जोडणी इथे होते. त्यापुढे एकेक भाग देशात बनवायला लागायचं, आधी बॅटरी टायर काच, मग सीट आणि बंपर, मग पत्रा, सगळ्यात शेवटी इंजिन आणि गिअरबॉक्स. या पायऱ्या चढताना खरंच शिकायला मिळतं: वेल्डिंगचे जिग, म्हणजे पत्रे जागेवर धरणारे साचे, कसे लावायचे, दाराच्या फटी सगळीकडे सारख्या कशा ठेवायच्या, पुरवठादाराचा भाग नाकारायचा कधी आणि सुधारून घ्यायचा कधी. हे पुस्तकात वाचून येत नाही, हजारो गाड्या बनवाव्या लागतात.

पण एक गोष्ट त्यात येत नाही. हा भाग असा *का* आहे ते. सस्पेन्शनचा हात एवढाच जाड का, इंजिनचा माउंट इथेच का, टक्कर झाली की पत्रा कुठे दुमडायला हवा. ही उत्तरं मूळ कंपनीच्या चाचण्यांमध्ये आणि चुकांमध्ये असतात, आणि परवाना घेणाऱ्याला ड्रॉइंग मिळतं, चुका मिळत नाहीत. परवाना देणारा त्या फुकट देणार पण नाही, कारण त्याचा धंदा रॉयल्टी आणि सुट्या भागांवर चालतो, तुम्ही सगळं शिकलात तर तो कमावणार कशावर.

पहिल्या लान्सरला नशिबाने पण साथ दिली नाही. सागा आली त्याच वर्षी मलेशियाची अर्थव्यवस्था आकसली, गाड्यांची मागणी पडली. आणि सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांनी डॉलर खाली आणायचा करार केला, त्याने येन असा वर गेला की साधारण २४० येनचा डॉलर दोन-अडीच वर्षांत १२५ च्या आसपास आला. प्रोटॉन सुटे भाग येनमध्ये घेत होती आणि गाडी रिंगिटमध्ये, म्हणजे मलेशियाच्या चलनात, विकत होती. म्हणजे गाडी तीच, कामगार तेच, आणि पेटीतून येणारा माल जवळजवळ दुप्पट महाग, यात कारखान्यातल्या कुणाची काहीच चूक नव्हती. १९८८ मध्ये तर कंपनी चालवायला मित्सुबिशीचाच जपानी अधिकारी आणावा लागला, राष्ट्रीय गाडीसाठी ही कडू गोळी होती पण गाडं रुळावर आलं. आणि महाग येनचा एक फायदा झाला, भाग देशात बनवायची घाई खरी झाली. माझ्या मते स्थानिक पुरवठादार उभे राहण्यात सरकारी आदेशांइतकाच त्या येनचा हात आहे.

बाजार मात्र पूर्ण प्रोटॉनचा होता, कारण आयात गाड्यांवर जबर कर, वरून आयात परवान्यांची पद्धत, आणि राष्ट्रीय गाडीला करात सवलत. म्हणून नव्वदच्या दशकाच्या आसपास देशात विकल्या जाणाऱ्या दर तीन-चार गाड्यांमधल्या दोन-तीन प्रोटॉन असायच्या. सामान्य माणसाला परवडणारी नवी गाडी म्हणजे सागा नाहीतर विरा, बाकी सगळं आवाक्याबाहेर.

विरा आणि न आलेली परीक्षा

दुसरी लान्सर, म्हणजे १९९३ ची विरा, या वेळेपर्यंत कारखाना तयार झाला होता, माणसं तयार झाली होती, पुरवठादार होते, ब्रिटनला निर्यात चालू होती. इथे बॅज बदलणं हे शिकण्याचा पुढचा वर्ग म्हणता येतं. त्याच पायावर सातरिया नावाची तीन दारी आली, पुत्रा नावाची कूपे आली, मित्सुबिशी इटर्नावरून पेर्दाना आली. फ्रान्सच्या सिट्रोएन एएक्सवरून तियारा पण केली, ती काही चालली नाही. १९९६ मध्ये लोटसचा मोठा हिस्सा घेतला आणि त्याचा उपयोग झाला, सातरिया जीटीआयचं हँडलिंग लोटसने बसवलं, ती चालवलेले लोक आजही तिच्याबद्दल प्रेमाने बोलतात.

मग चुकलं कुठे? सागाचं मूळ शरीर, म्हणजे ऐंशीच्या दशकातली लान्सर फिओरे, चेहरा बदलत बदलत इस्वारा वगैरे नावांनी २००८ पर्यंत विकलं जात होतं. तेवीस वर्षं. विरा २००९ पर्यंत. तेवढ्या काळात मित्सुबिशीने स्वतःची लान्सर कितीदा बदलली. आणि हे परवडत होतं याचं कारण गाडी चांगली होती हे नाही, ग्राहकाकडे दुसरा रस्ता नव्हता हे आहे. डायचा खर्च कधीच वसूल झालेला, प्रत्येक गाडीवर नफा, मग नव्या गाडीची घाई कुणाला. प्रोटॉनच्या पॉवर विंडो बिघडतात हे मलेशियात म्हणीसारखं झालं होतं आणि तरी गाड्या खपत होत्या, आणि ग्राहकाची तक्रार कारखान्याला विक्रीच्या आकड्यात दिसत नसेल तर ती दुरुस्त होत नाही, यात दुष्टपणा लागत नाही.

माझा मुद्दा एवढाच आहे. उसनी गाडी म्हणजे शिकवणी. शिकवणीचा उपयोग परीक्षा असेल तर होतो. संरक्षणाने प्रोटॉनला शिकवणीचे पैसे मिळवून दिले आणि त्याच हाताने परीक्षा पुढे ढकलत नेली. दक्षिण कोरियात पण परदेशी तंत्रज्ञान घेऊनच सुरुवात झाली, ह्युंदाईने तर मित्सुबिशीकडूनच इंजिनं घेतली, पण १९७५ च्या पोनीनंतर लगेच निर्यात हीच कसोटी ठरली, घरच्या संरक्षित बाजारावर समाधान मानायची मुभा नव्हती. प्रोटॉनची निर्यात झाली पण ती कधीच कंपनीचं मरण-जगणं ठरवणारी नव्हती.

२००० ची वाजा ही कंपनीने स्वतः डिझाइन केलेली पहिली गाडी, पाया मित्सुबिशी कॅरिस्माचा, सुरुवातीचं इंजिन पण मित्सुबिशीचं, पण शरीर प्रोटॉनच्या लोकांनी काढलेलं. २००४ च्या जेन-२ मध्ये लोटसबरोबर बनवलेलं कॅम्प्रो इंजिन आलं. कॅम्प्रोची गोष्ट मला नेहमी चटका लावते. मूळ आराखड्यात कॅमची, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व उघडणाऱ्या भागाची, चाल बदलणारी यंत्रणा होती, तीच बाजूला ठेवून साधं इंजिन आधी बाजारात आणलं, आणि इंजिन मधल्या वेगाने फिरत असताना टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, खाली बसायचा, म्हणजे नेमका ओव्हरटेक करताना, चढावर, जिथे रोजचा चालक असतो तिथे. ती यंत्रणा असलेलं इंजिन २००८ मध्ये आलं, तोपर्यंत चार वर्षं लोकांनी देशाचं पहिलं इंजिन म्हणजे दम नसलेलं इंजिन असं मत बनवून ठेवलं होतं. पहिलं इंजिन एवढं जमणं हीच मोठी गोष्ट आहे, पण पहिल्या इंजिनाची चूक दहा वर्षं आधी व्हायला हवी होती, जेव्हा बाजार माफ करत होता.

कारण आता माफी संपत आली होती. आसियान देशांच्या मुक्त व्यापार करारामुळे शेजारी देशांतून येणाऱ्या गाड्यांवरचे कर खाली येऊ लागले. आणि देशातच दुसरी राष्ट्रीय कंपनी उभी राहिली, पेरोदुआ, १९९३ ची. तिची पहिली गाडी कांचिल म्हणजे दाइहात्सू मिरा, तिने पण बॅजच बदलला! पण तिने कधी आपण सगळं स्वतः बनवू असा आव आणला नाही, लहान गाड्या, दाइहात्सूचा आराखडा, दाइहात्सूची शिस्त, आणि लक्ष सगळं दर्जा आणि किमतीवर. २००५ मध्ये मायवी आली आणि २००६ मध्ये पेरोदुआ विक्रीत प्रोटॉनच्या पुढे गेली, ती पुढेच राहिली. म्हणजे बॅज बदलणं हाच रोग असता तर पेरोदुआ आधी मेली असती.

याच काळात मित्सुबिशीने प्रोटॉनमधला आपला हिस्सा विकून टाकला. प्रोटॉनने इटलीच्या एमव्ही ऑगस्टा या मोटरसायकल कंपनीचा अर्ध्याहून जास्त हिस्सा २००४ मध्ये ७ कोटी युरोला घेतला आणि वर्षभरात १ युरोला विकला. फोक्सवॅगनबरोबर भागीदारीच्या वाटाघाटी झाल्या, जनरल मोटर्सबरोबर झाल्या, २००७ च्या शेवटी दोन्ही थांबल्या. राष्ट्रीय मालकी परक्याच्या हातात द्यायची नाही हे त्यामागचं मोठं कारण, भावना मला समजते, पण त्या वेळी प्रोटॉनकडे वाटाघाटीत मांडायला काही तरी होतं, दहा वर्षांनी फार थोडं उरलं.

इन्स्पिरा

आणि इथे तिसरी लान्सर येते. वाजा म्हातारी झाली होती, तिच्या जागी त्याच आकाराची नवी गाडी हवी होती. २००८ च्या अखेरीस मित्सुबिशीशी परत करार झाला आणि नोव्हेंबर २०१० मध्ये इन्स्पिरा आली, १.८ आणि २ लिटर, पुढचा चेहरा थोडा बदललेला, सस्पेन्शन आणि स्टिअरिंग प्रोटॉनने आपल्या पद्धतीने बसवलेलं. खुद्द मित्सुबिशीचा बॅज असलेल्या लान्सरपेक्षा बरीच स्वस्त, ग्राहकाच्या बाजूने बघितलं तर सौदा छान होता, आणि चालवायला ती तेव्हाच्या प्रोटॉनपैकी सगळ्यात नीट बनलेली गाडी होती असं म्हणणारे खूप भेटतात.

पण व्यवस्थापनापुढे कोणता हिशोब असणार तो करून बघा, आकडे मी फक्त समजायला घेतो. समजा नवा प्लॅटफॉर्म, म्हणजे गाडीचा पाया, उभा करायला १०० कोटी रिंगिट लागतात. वर्षाला १० लाख गाड्या त्यावर काढणारी कंपनी पाच वर्षांत ५० लाख गाड्या काढते, दर गाडीमागे २०० रिंगिट. वर्षाला ५० हजार काढणारी पाच वर्षांत अडीच लाख काढते, दर गाडीमागे ४,००० रिंगिट. गाडीचा वर्ग एक, शोरूमची गल्ली एक, आणि तुमच्या गाडीवर सुरुवातीलाच ३,८०० चं जास्तीचं ओझं. मग कुणीही शहाणा माणूस उसनीच गाडी घेईल. इन्स्पिरा हा चुकीचा निर्णय नव्हता, मला तर वाटतं त्या वर्षी तोच एक निर्णय शिल्लक होता, आणि खरं दुःख तेच आहे. १९८५ ची लान्सर म्हणजे सुरुवात होती, १९९३ ची पुढचा वर्ग, २०१० ची म्हणजे भगदाडावर लावलेला पत्रा. तिच्यातून कंपनीला शिकण्यासारखं जवळजवळ काही नव्हतं, आणि मधल्या काळात जे स्वतः शिकलं होतं ते वापरायला पण ती गाडी जागा देत नव्हती, कॅम्प्रो तिच्यात गेलं नाही, इंजिनं मित्सुबिशीचीच राहिली.

एकदा ही वाट धरली की ती रुंद होत जाते. २०१३ ची पेर्दाना होंडा अकॉर्डवरून, ती पण आधी सरकारी अधिकाऱ्यांच्या ताफ्यासाठी, सामान्य ग्राहकासाठी नवी पेर्दाना आली तोपर्यंत २०१६ उजाडलं. त्याच वर्षी सुझुकी अर्टिगा आली आणि तिचं नाव पण अर्टिगाच ठेवलं, फक्त आधी प्रोटॉन. मित्सुबिशी, होंडा, सुझुकी, तीन वेगळ्या कंपन्यांच्या गाड्या, म्हणजे तीन वेगळे सुटे भाग, तीन वेगळी ड्रॉइंग, आणि गॅरेजमधल्या मेकॅनिकला तीन वेगळ्या सवयी. मध्ये प्रेव्हे, सुप्रिमा, इरिझ या स्वतःच्या गाड्या पण काढल्या, इरिझ तर मला प्रामाणिक गाडी वाटते, पण पैसे आणि लक्ष दोन्ही वाटलं गेलं होतं. २०१२ मध्ये सरकारी हिस्सा डीआरबी-हिकॉम या खासगी कंपनीकडे गेला होता, तरी २०१६ मध्ये सरकारला दीड अब्ज रिंगिटचं कर्ज द्यावं लागलं, आणि त्याच्या बदल्यात अट अशी की परदेशी भागीदार शोधा.

२०१७ मध्ये चीनच्या जीलीने ४९.९ टक्के घेतले, लोटसचे ५१ टक्के वेगळे. महाथिरांनी जाहीरपणे दुःख व्यक्त केलं. ४९.९ हा आकडा मला बघवत नाही, अर्ध्याला एक दशांश टक्का कमी, कागदावर कंपनी मलेशियाची राहावी म्हणून.

तरी पुढे जे झालं ते मान्य करायला हवं. डिसेंबर २०१८ मध्ये एक्स७० आली, म्हणजे जीली बोयुए, सुरुवातीला चीनमधून तयार येणारी, २०२० पासून पेराक राज्यातल्या तांजुंग मालिमला जोडली जाणारी. चीनमध्ये स्टिअरिंग डावीकडे असतं, मलेशियात उजवीकडे, त्यामुळे इथे नुसता स्टिकर चालत नाही, डॅशबोर्ड, पेडल, वायरिंग, वायपर सगळं फिरवावं लागतं. २०१९ मध्ये विक्री एक लाखाच्या वर गेली आणि प्रोटॉन परत दुसऱ्या क्रमांकावर आली. मग एक्स५०, एक्स९०, एस७०, सगळ्या जीलीच्याच. मूळ प्रश्न जागेवरच आहे, या गाड्यांचा *का* कुणाच्या कपाटात आहे, आणि उत्तर हांगझोउच्या, म्हणजे जीलीच्या चीनमधल्या मुख्यालयाच्या, बाजूला झुकतं.

पण त्याच शोरूममध्ये सागा पण उभी असते. २०१९ ची बघितली तर पाया प्रोटॉनचा स्वतःचा, सॅव्ही नावाच्या जुन्या छोट्या गाडीपासून वाढवत आणलेला, १.३ लिटरचं इंजिन कॅम्प्रोच्या घराण्यातलं, टॉर्कचं दुखणं मागे टाकलेलं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ह्युंदाईकडून घेतलेला. लान्सरचा एक स्क्रू त्यात उरलेला नाही. आणि त्या एक लाखाच्या वर्षात एक्स७० चं कौतुक सगळीकडे झालं तरी सगळ्यात जास्त खपलेली प्रोटॉन सागाच होती.